आडनाव न विचारणारी कॉलनी

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. ऑफिस, लेकीची दहावी, आणि खरं सांगायचं तर आळस. आज लिहायला बसलेय ते एका फोनमुळे.

पंधरा दिवसांपूर्वी मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाची बदली यवतमाळला झालीय. त्यानं मागच्या वर्षी लग्न केलं, मुलगी परजातीतली. ताईनं ते मनापासून स्वीकारलंय (भावजींना सहा महिने लागले, पण तेही आता सुनेचं कौतुक करतात). तर ताई म्हणाली, "तुम्ही तिथं इतकी वर्षं आहात. एखादी जरा मोकळ्या विचारांची कॉलनी सांग ना. आजूबाजूला चार वाचणारे-लिहिणारे लोक असावेत, आणि ऑफिसपासून फार लांब नको."

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू गेलं, कारण नेमका हाच शोध आम्ही २०१६ मधे घेतला होता. तेव्हा तो इथे लिहिला नाही, लाज वाटली म्हणून. ताई, तुला फोनवर धड काही सांगता आलं नाही. हे घे, आता सविस्तर.

माझी बदली २०१६ च्या जूनमधे नागपूरहून यवतमाळला झाली. नवरा घरून भाषांतराची कामं करतो, त्यामुळे त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि दोन पुस्तकांची कपाटं. लेक पाच वर्षांची. वाटलं, यवतमाळसारख्या गावात घर मिळायला कितीसा वेळ लागणार? लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर ही आजूबाजूची गावं शहराला चिकटून शहरच झालेली. शेताचे प्लॉट पडलेले, जिकडे पाहावं तिकडे नवी घरं आणि 'भाड्याने देणे आहे' च्या पाट्या. आपल्याकडे वऱ्हाडात त्याला 'ले-आउट' म्हणतात. कोणी विचारलं कुठे राहता, तर आधी ले-आउट सांगायचा. पंधरा दिवसांत मला कळलं की प्रत्येक ले-आउटला पाटीवर न लिहिलेलं एक आडनावही असतं.

मी जन्मानं ब्राह्मण, नवरा बौद्ध. आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना पचलं नाही ते इथे वाचायला येत नाहीत. असो. घर बघायला बहुतेक वेळा मी एकटी जायचे. घरमालकीण चहा करायची, आडनाव विचारायची, मी सवयीनं माहेरचं सांगायचे (ऑफिसात तेच आहे). घर पसंत, भाडं पसंत. मग भाडेकराराच्या वेळी नवऱ्याचं आधार कार्ड पुढे यायचं. एका मालकांचा भाचा अचानक शिकायला यवतमाळला येणार निघाला. दुसऱ्यांनी घर विकायचंच ठरवलं. तिसऱ्यांनी मात्र अगदी सभ्यपणे तोडगा सुचवला. "आमचं काही नाही हो मॅडम, पण शेजारपाजार... करार तुमच्याच नावानं करू ना."

आणि आम्ही तो केला!

हेच ते, ज्याची लाज वाटते. पाऊस लागला होता, सामान नागपुरात पडलं होतं, लॉजचं बिल चढत होतं, सगळी कारणं खरी आहेत. करार माझ्या नावानं झाला, दारावर पाटी लावली नाही. ऑगस्टमधे एकदा लेक खाली खेळून आली आणि मला बाजूला घेऊन कुजबुजत म्हणाली, "आई, बाबांचं आडनाव सिक्रेट आहे का गं?" तिला आम्ही कोणीच काही सांगितलं नव्हतं. तिचं तिला कळलं होतं. नवरा आत काम करत होता. त्यानं ऐकलं की नाही ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर आमचं ठरलं की आता घर नाही, शेजार शोधायचा.

सोपा मार्ग एक होता. नवऱ्याच्या ओळखीचे पुष्कळ लोक जिथे राहतात अशा वस्तीत जायचं. आम्ही गेलोही बघायला. तिथे त्याला कोणीच काही विचारलं नाही. मला मात्र सगळ्यांनी विचारलं, फार प्रेमानं. एका काकूंनी तर माझ्यासाठी आतून वेगळा, चांगला कप आणला. त्यांच्या लेखी तो मान होता. मला तिथे जन्मभर पाहुणी म्हणून राहावं लागलं असतं. नवरा म्हणाला, "आता तुला कळलं कसं वाटतं ते." मग स्वतःच म्हणाला, "नाही, तसं नाही. तुला चांगला कप मिळाला."

नोव्हेंबरअखेरीस तो मला समता मैदानावर व्याख्यानाला घेऊन गेला. महात्मा फुल्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास तिथे व्याख्यानं होतात. तुडुंब गर्दी होती. वक्ते चांगले बोलले. टाळ्यांवर टाळ्या. परत येताना गाडीवर मागे बसून मी विचारलं, "हे एवढे सगळे लोक राहतात कुठे? यांच्यातल्या एखाद्याच्या शेजारी आपल्याला घर का मिळत नाही?" तो म्हणाला, "सगळे आपापल्या ले-आउटमधे राहतात."

मग सेवाग्रामचा विचार कुणाच्या डोक्यात आधी आला, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. यवतमाळ ते वर्धा साधारण सत्तर किलोमीटर, पुढे सेवाग्राम आठ. विदर्भात 'वेगळ्या' पद्धतीनं राहणाऱ्या माणसांचा एवढा दाट शेजार दुसरीकडे कुठे आहे? गांधींचा आश्रम, पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आणि १९५९ पासूनचं बहिणींचं ब्रह्मविद्या मंदिर, जिथे निर्णय सर्वांच्या सहमतीनं होतात. वर्ध्यात १९३८ मधे उघडलेलं मगन संग्रहालय, खादी आणि ग्रामोद्योगाचं. ज्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ मधे आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, तिथे आमच्या आधार कार्डाचं काय मोठंसं? शिवाय सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला, त्याच धर्तीवर २००५ मधे सेवाग्रामला पुन्हा सुरू झालेली. मुलं शेती करतात, सूत काततात, स्वयंपाक करतात, शाळा स्वतः झाडतात, आणि मराठीतून शिकतात.

सासऱ्यांना फोनवर सांितलं तर ते हसायलाच लागले. "बाबासाहेबाचं लेकरू गांधीबाबाच्या कुटीपाशी राहाले चाललं? इकडं दीक्षाभूमी सोडून?" मग जरा थांबून म्हणाले, "शाळा चांगली असन तर जा. लेकरू शिकलं पायजे."

२०१७ च्या जूनमधे आम्ही सेवाग्राम रस्त्याला दोन खोल्या घेतल्या. मालकांनी आडनाव विचारलं, करारावर लिहिलं, किल्ली दिली. झालं! एवढ्यासाठी आम्ही वर्षभर तडफडत होतो. दारावर दोघांच्या नावाची पाटी लावली. पाटी लावताना नवऱ्याच्या हातातून स्क्रू तीनदा पडला.

आणि माझं अपडाऊन सुरू झालं.

ज्यांनी एसटीनं अपडाऊन केलंय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. सकाळी सातला घर सोडायचं, वर्धा स्टँड, देवळी, मग वर्धा नदीचा पूल, कळंब, यवतमाळ. संध्याकाळी उलटं. आता हा रस्ता चौपदरी झालाय, आणि फेब्रुवारी २०२४ मधे वर्धा ते कळंब रेल्वेही सुरू झाली. यवतमाळपर्यंतचं काम तेव्हा बाकीच होतं. पण मी सांगतेय ते २०१७ चं, खड्ड्यांचं. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, यवतमाळ नाही. त्यामुळे परतीच्या बसमधे पुलाआधी काही पिशव्या सीटखाली सरकायच्या आणि काही प्रवासी फार गंभीर चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघायचे. माझी करमणूक तेवढीच.

घरी पोचायला साडेआठ. संध्याकाळची आश्रमातली प्रार्थना तोवर केव्हाच संपलेली. लेक जेवून अर्धवट झोपेत. तिनं लावलेली मेथी उगवली, तिनं काढली, तिनं शाळेत भाजी केली, आणि मला हे सगळं रविवारी कळायचं. नवऱ्याला मित्र मिळाले, तो पवनारला जायचा, जैविक कापसावर वाद घालायचा. मी त्या मोकळ्या विचारांच्या वस्तीत फक्त झोपायला जात होते. चार महिन्यांत मला शेजारच्या बाईचं नाव माहीत नव्हतं. तिनं बिचारीनं आडनाव विचारलं नाही, आणि मीही काहीच विचारलं नाही!

पण थकवा हे खरं कारण नव्हे. खरं कारण त्या वर्षीचा पावसाळा. आठवत असेल, २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं, त्यांच्या बायका, पेपरात रोज फोटो. आमच्या ऑफिसातल्या शिपायाचा चुलत भाऊ त्यात होता. वाचला तो. पण ते आठ दिवस शिपाईदादा सकाळी ऑफिसला आणि दुपारी दवाखान्यात, आणि ऑफिसातली माणसं आळीपाळीनं रात्री तिथे बसायला. मला कोणी सांगितलं नाही. सव्वासहाची बस असते ना मॅडमची.

त्याच आठवड्यात एका रविवारी सेवाग्रामला आमच्या अंगणात आठदहा जण बसून विषमुक्त अन्नावर बोलत होते. चांगली माणसं, खोटं एक अक्षर बोलत नव्हती. त्यातले काही तर या प्रश्नावर आयुष्यभर काम करत आलेले. मी त्यांना काय म्हणणार? पण मी चहाचे कप उचलून आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. जिथे विष होतं तिथे मी दहा ते साडेपाच होते, आणि जिथे त्याच्यावर बोलणं होतं तिथे रात्री.

त्याच सुमारास आश्रमातून आणलेली गांधींची एक चरित्रपुस्तिका बसमधे वाचत होते. सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. (नाव १९४० मधे बदललं, कारण पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जायची! आमचीही दोन कुरिअर उलटसुलट फिरली, तेव्हा सहानुभूती वाटली.) गांधी ३० एप्रिल १९३६ ला तिथे गेले. माझी समजूत होती की ते समविचारी माणसांत राहायला गेले. तसं मुळीच नाही. रस्ता नाही, पोस्ट नाही, मलेरिया भरपूर, वस्ती बहुसंख्य दलितांची. त्यांना आश्रम काढायचाच नव्हता, एकट्यानं खेड्यात राहायचं होतं. गावच्या म्हाताऱ्या पाटलानं त्यांचं स्वागत केलं, आणि अस्पृश्यतेच्या बाबतीत मात्र माझी साथ मिळणार नाही, असंही तोंडावर सांगितलं. म्हणजे गांधींना पण तोच शेजार मिळाला होता, जो मला! समविचारी लोक नंतर त्यांच्या मागे आले, कुट्या बांधत. आम्ही आलो ऐंशी वर्षांनी, तयार गावात भाड्यानं.

नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "गांधींना आधार कार्ड दाखवावं लागलं नव्हतं." तेही खरंच आहे. आवडीनं गैरसोयीत जाणं वेगळं, आणि ज्याच्या गळ्यात ती जन्मतः आहे त्याला 'जा, तिथेच राहा' म्हणणं वेगळं. म्हणून मी परत यायचं म्हटलं नाही. तोच म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत. लेकीची शाळा सोडायची म्हणून आम्ही तिघंही रडलो. त्याची एकच अट होती. यवतमाळला घर बघायला तो जाईल, आधी त्याचं आडनाव, मग बाकीचं.

अकरा घरं झाली. बारावं वाघापूरकडच्या एका जुन्या ले-आउटमधे. घरमालकीण सत्तरीची, गळ्यात तुळशीची माळ, दारातच प्रश्न. "तुमी कोनत्यातले बापा?" नवऱ्यानं सांगितलं. आजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग लेकीकडे. म्हणाली, "भाडं साडेचार हजार. लाइटचं वेगळं. मांगं विहीर हाय, पन तिचं पानी प्याचं नाही."

मी ताडकन उठले. नवऱ्यानं हात धरून बसवलं. महाडच्या तळ्यापासून सगळा इतिहास माझ्या डोक्यात भणभणत होता. आजी पुढे म्हणाली, "खारं हाय. पोट झरते. मी बी नाही पेत." नवरा इतका हसला की आजीला वाटलं, याचं काहीतरी बिघडलंय.

आम्ही राहिलो. ते घर काही मोकळ्या विचारांचं नव्हतं. धुणंभांडी करणाऱ्या बाईसाठी आजीच्या खिडकीत एक स्टीलचा ग्लास उपडा ठेवलेला असायचा, तिच्या चहापुरता. मी तो रोज बघायचे. एकदा विषय काढला तर आजी आठ दिवस बोलली नाही. मी परत काढला नाही. भित्री म्हणा हवं तर.

मग आला २०१८ चा उन्हाळा. निळोणा आणि चापडोह, यवतमाळला पाणी देणारी दोन्ही धरणं आटली. नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस पाणी नाही. रात्री दोनला टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी गल्ली ड्रम, गुंड, बादल्या घेऊन रस्त्यावर. मोकळ्या विचारांची खरी परीक्षा व्याख्यानाच्या मैदानावर होत नाही, ती टँकरच्या पाइपाशी होते, आणि मी तीत नापास झाले. घरटी दोन ड्रम ठरलेले असताना आमचा तिसरा ड्रम मी मोरीत झाकून ठेवला होता. लेक सात वर्षांची. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आमचा अजून एक आहे, आत." सेवाग्रामच्या शाळेचे चार महिने कामी आले म्हणायचे!

वापरायच्या पाण्यासाठी आजीनं विहीर उघडली, गल्लीतल्या सगळ्यांना. कोणी यायचं, कोणी नाही, असं काही तिनं सांगितलं नाही. फक्त मोटर लावू दिली नाही, "झरा मरते." दोरानं ओढायचं, घरटी सहा बादल्या. पाळीची यादी लेकीनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिली. भांडी घासणाऱ्या बाईचा नंबर पहिला, कारण तिला सहाला कामावर निघावं लागायचं. हे आजीनंच ठरवलं. त्या विहिरीच्या काठावर दोन महिने जेवढं बोलणं झालं, तेवढं मी आधीच्या पाच वर्षांत कुठल्या शेजाऱ्यांशी बोलले नव्हते. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाचं सोयाबीन गेलं, कोणाच्या घरी फवारणीनं काय झालं. यवतमाळजवळच छोटी गुजरीला सुभाष शर्मा कितीतरी वर्षं विनारसायन शेती करतात (२०२५ मधे त्यांना पद्मश्री मिळाली), हे मला तिथेच कळलं, पवनारच्या चर्चेत नाही. समोरचे गुरुजी त्यांचं शेत बघून आले होते.

जानेवारी २०१९ मधे इथे साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण रद्द झालं त्यावरून किती गदारोळ झाला, वाचकांना आठवत असेलच. शेवटी वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. मी आणि नवरा तावातावानं वाद घालत होतो, निमंत्रण रद्द झाल्यावर जावं की नाही. आजी मधेच म्हणाली, "ते बाई बोलनार हाय ना? मंग मले नेऊन द्या." तिला पेपरात फक्त तेवढंच दिसलं होतं. नेलं.

तो स्टीलचा ग्लास पुढे दोनेक वर्षं तिथेच होता. मग कधीतरी दिसेनासा झाला. कोणी काढला, केव्हा, मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही.

तर ताई, अशी कॉलनी मला काही सापडली नाही. पण आजीच्या वरच्या खोल्या मार्चपासून रिकाम्या आहेत. तुझा मुलगा आणि सून मागच्या रविवारी बघून गेले, त्यांनी तुला सांगितलं असेलच. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडलं ते लिहिते. आजी आता ऐंशीच्या घरात आहे. काठी टेकत दाराशी आली, सुनेला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू कोनत्यातली व माय?"

माझी लेक आतून ओरडली, "आजी!"

"इचारलं फक्त व! हाकललं काय?" आजी म्हणाली, आणि किल्ली शोधायला आत गेली. ती सापडायला अर्धा तास लागला.